बुडापेस्ट गॅम्बिट खेळताना या चुका टाळा

बुद्धिबळात प्यादे देऊन डाव सुरू करण्याच्या चालीला गॅम्बिट म्हणतात, त्यातलेच हे एक, काळ्याचे. पांढऱ्याच्या डी४ ला घोडा एफ६, सी४ ला ई५, आणि ई५ वरचे प्यादे मारले गेले की घोडा जी४: एवढ्या तीन चाली पाठ झाल्या की बुडापेस्ट आले, असे अनेकांना वाटते. १९१८ मध्ये बर्लिनला विदमारने याच ओपनिंगने (डावाच्या सुरुवातीने) रुबिनस्टाइन या नामांकित खेळाडूला हरवले, तेव्हापासून ते गाजले, पण त्याचा गाभा सापळा नसून दिलेले प्यादे परत मिळवताना मोहरी चांगल्या घरांत बसवणे हा आहे.

सर्वांत जास्त नुकसान डी३ वर मात करण्याच्या लोभाने होते. पांढरा उंट एफ४ वर, घोडे एफ३ आणि डी२ वर, काळा उंट बी४ वर, वजीर ई७ वर असताना पांढरा ए३ खेळतो, काळा जी४ च्या घोड्याने ई५ वर मारतो, आणि पांढऱ्याने हावरेपणाने बी४ चा उंट घेतला तर घोडा डी३ वर येऊन मात होते, कारण ई२ चे प्यादे बांधलेले असते: ते हलले तर राजा वजिराच्या शहात येतो. हे व्हिडिओत पाहून आलेला एक विद्यार्थी स्पर्धेत नेमका इथपर्यंत पोचला. प्रतिस्पर्ध्याने ई५ वर घोडे बदलून शांतपणे ई३ खेळले. आमच्या पठ्ठ्याने उंट अजून सापळ्याच्या संरक्षणात आहे असे समजून कॅसलिंग केले. ई३ मुळे एफ१ चा उंट डी३ वर पहारा देऊ लागतो, हे पाहायला त्याने अर्धे मिनिटही दिले नाही. उंट एका प्याद्याच्या बदल्यात गेला आणि डाव तिथेच संपल्यासारखा झाला. तिथे मी उंटाने डी२ चा घोडा शह देत मारतो, मग डी६, पुढे बी६ आणि उंट बी७. पांढऱ्याकडे उंटांची जोडी राहते, ती मला चालते.

दुसरी आवडती चूक हत्तीची. पांढऱ्याने चौथ्या चालीत घोडा एफ३ वर काढला तर काळा उंट सी५ वर ठेवून, ए५ नंतर हत्ती ए६ वर आणि तिथून जी६ किंवा एच६ वर नेण्याची योजना सुंदर आहे, परंतु नवशिके सवयीने आधीच डी६ खेळतात आणि आपल्याच प्याद्याने हत्तीची वाट अडवून बसतात. हत्ती पलीकडे जाईपर्यंत डी-प्यादे घरीच राहू द्यावे, आणि ई५ चे प्यादे वसूल होण्यापूर्वी हत्तीला हात लावू नये.

सी४ न खेळता पांढऱ्याने दुसऱ्या चालीत घोडा एफ३ वर काढला असेल, तर ई५ खेळणे म्हणजे प्यादे फुकट वाटणे.

चौथ्या चालीत ई४ आले की जी४ च्या घोड्यावर वजिराचा डोळा पडतो. तो तिथे टिकवण्यासाठी एच५ खेळू नका, ई५ वर मारा. मग एफ४ ला मी घोडा सी६ वर नेतो, जी६ वर नाही, कारण तिथे एफ५ चा धक्का बसतो. त्यानंतर उंट सी५ वर आला की पांढऱ्याला राजाच्या बाजूचे कॅसलिंग करताच येत नाही.