प्रिंटर दिसेना, दोष राउटिंग टेबलमध्ये सापडला

भोसरीतल्या कारखान्यात व्हीलॅन २० (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं आभासी नेटवर्क) मधल्या पीसींना शॉप फ्लोअरवरचे, म्हणजे व्हीलॅन ३० मधले प्रिंटर अचानक दिसेनासे झाले. ट्रेसराउट (पॅकेटचा मार्ग दाखवणारी कमांड) थेट फायरवॉलकडे, म्हणजे बाहेर जायच्या वाटेवरच्या सुरक्षा यंत्राकडे, जात होता. मेन स्विच सिस्कोचा, लेयर ३, म्हणजे व्हीलॅनमधलं राउटिंगही तोच करतो.

त्यावर 'शो आयपी राउट' देऊन राउटिंग टेबल, म्हणजे कुठलं नेटवर्क कुठून गाठायचं याची यादी, पाहिली. १९२.१६८.२०.०/२४ समोर 'सी', म्हणजे थेट जोडलेलं नेटवर्क. १९२.१६८.३०.० ची, म्हणजे व्हीलॅन ३० ची ओळच गायब. नेमका राउट नसला की पॅकेट ०.०.०.०/०, म्हणजे डिफॉल्ट राउटने बाहेर जातं, म्हणून फायरवॉल.

'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' मध्ये व्हीलॅन ३० च्या इंटरफेसचा (स्विचमधल्या त्याच्या गेटवेचा) प्रोटोकॉल डाउन. त्या व्हीलॅनचा एकही पोर्ट चालू नसेल तर इंटरफेस पडतो, आणि राउटही काढला जातो. 'शो इंटरफेसेस ट्रंक' मध्ये खरं कारण दिसलं: शॉप फ्लोअरच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) नवा व्हीलॅन ४० टाकताना 'ॲड' शब्द राहिला होता. तो राहिला की जुनी यादी पुसून फक्त ४० उरतो. फार घातक चूक, कारण स्विच काहीच तक्रार करत नाही.

त्या पोर्टवर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०' दिलं. साध्या स्पॅनिंग ट्रीला (नेटवर्कमधले लूप टाळणाऱ्या यंत्रणेला) पोर्ट चालू करायला ३० सेकंद लागू शकतात, थांबा. मग /२४ चा 'सी' आणि /३२ चा 'एल' (स्विचचा स्वतःचा पत्ता), दोन्ही ओळी परतल्या. लगेच 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग', म्हणजे बदल सेव्ह.