मॅग्नेटोपॉजवरचे प्लाझ्मा तरंग: एमएस्सी प्रकल्पात या चुका टाळा

नाशिकमध्ये बसून पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या (सौरवाऱ्याला, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहाला, अडवणाऱ्या चुंबकीय प्रदेशाच्या) सीमेवर, म्हणजे मॅग्नेटोपॉजवर, प्रकल्प करणं आता अवघड राहिलेलं नाही. नासाच्या एमएमएस मोहिमेतल्या चार उपग्रहांचा डेटा फुकट मिळतो, पायस्पेडास हे पायथॉन पॅकेज तो उतरवून देतं आणि साधा लॅपटॉप पुरतो. अडतं ते पुढे. पडद्यावर काहीतरी वरखाली होताना दिसलं की त्याला लगेच प्लाझ्मातल्या (भारित कणांच्या वायूतल्या) एखाद्या तरंगाचं नाव चिकटवलं जातं, आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला बोलती बंद होते.

आधी घड्याळ. टाइमस्टॅम्पवरून तारीख काढताना वेळक्षेत्र सांगितलं नाही, तर पायथॉन गुपचूप भारतीय वेळ लावतं. १६ ऑक्टोबर २०१५ ची प्रसिद्ध घटना १३:०७ ऐवजी १८:३७ ला दिसते. साडेपाच तासांची ही चूक निदान नजरेत भरते. दुसरी भरत नाही. मूळ फाइलमधली वेळ टीटी२००० पद्धतीची (२००० सालापासून मोजलेले नॅनोसेकंद) असते आणि ती थेट यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचली, तर २०१५ च्या या घटनेत ६८ सेकंदांचा फरक पडतो (२०१७ पासून ६९). एका उपकरणाचा डेटा पॅकेजमधून आणि दुसऱ्याचा स्वतः फाइल उघडून घेतला, की दोन्ही आलेख जुळेनासे होतात. उपग्रहाला सीमा ओलांडायला बहुतेकदा काही सेकंदच लागतात, म्हणजे आपण भलत्याच प्लाझ्माची तुलना करत बसतो.

चुंबकमापकाच्या मूळ फाइलमध्ये चार स्तंभ असतात: तीन घटक आणि चौथं एकूण मूल्य. चौथा स्तंभ किमान-विचरण विश्लेषणात (क्षेत्र सर्वांत कमी बदलतं ती दिशा शोधून तीच सीमेची लंब दिशा मानण्याच्या पद्धतीत) शिरला, तर सीमेची लंब दिशा निरर्थक येते. दिशा बरोबर आली असं वाटलं तरी मधल्या आणि सर्वांत लहान आयगेनमूल्यांचं (त्या-त्या दिशेतला बदल मोजणाऱ्या आकड्यांचं) गुणोत्तर बघा. ते १० च्या वर असेल तर ठीक. ५ च्या खाली असेल तर त्या दिशेवर काहीही उभारू नका. कालखंड दोन-तीन सेकंद मागेपुढे करून दिशा किती फिरते तेही तपासा.

नाव देण्याआधी तीन रेषा

स्पेक्ट्रोग्रामवर (कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेत किती शक्ती आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर) त्या-त्या क्षणाच्या चुंबकीय क्षेत्रावरून तीन वारंवारता काढल्याशिवाय तरंगाला नाव देऊ नये. इलेक्ट्रॉनची गायरो-वारंवारता (चुंबकीय क्षेत्राभोवती फिरण्याची वारंवारता) म्हणजे दर नॅनोटेस्लाला २८ हर्ट्झ. प्रोटॉनची त्याच्या १८३६ व्या भागाइतकी. लोअर हायब्रिड वारंवारता (या दोन्हींच्या मधली), प्लाझ्मा पुरेसा दाट असेल तर, इलेक्ट्रॉनच्या वारंवारतेला ४३ ने भागून येते. क्षेत्र ५० नॅनोटेस्ला असेल तर हे आकडे अनुक्रमे १४०० हर्ट्झ, ०.७६ हर्ट्झ आणि साधारण ३३ हर्ट्झ. सीमेपलीकडे मॅग्नेटोशीथमध्ये (मंदावलेल्या सौरवाऱ्याच्या थरात) क्षेत्र २५ झालं की तिन्ही निम्म्यावर येतात. म्हणून संपूर्ण खंडाची सरासरी काढून एकच आडवी रेषा मारणं चूक.

यावरून डेटा कोणता घ्यायचा तेही ठरतं. चुंबकमापकाचा फास्ट सर्व्हे (सलग, पण कमी वेगाने नोंदलेला) डेटा सेकंदाला १६ नमुन्यांचा, म्हणजे ८ हर्ट्झच्या वरचं त्यात काही नाहीच. ३३ हर्ट्झजवळचा लोअर हायब्रिड ड्रिफ्ट तरंग तिथे शोधून 'आढळला नाही' असं लिहिण्यात अर्थ नाही. त्यासाठी सर्च-कॉइल (वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण) आणि विद्युतक्षेत्र यांचा सेकंदाला ८१९२ नमुन्यांचा बर्स्ट (अतिजलद नोंदीचा) डेटा हवा. तो निवडक तुकड्यांचाच असतो. आधी बर्स्ट कुठे आहे ते पाहा, मग घटना निवडा.

सर्वांत फसवी चूक मात्र फूरिए रूपांतराची (नोंद वेगवेगळ्या वारंवारतांत विभागण्याची). सीमा ओलांडताना क्षेत्र एकदम बदलतं, आणि नुसत्या पायरीसारख्या बदलाचा शक्ती-वर्णपटही वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. लॉग आलेखावर उणे दोनचा सुबक उतार मिळतो आणि प्रबंधात 'प्रक्षोभ (टर्ब्युलन्स) सिद्ध' असं छापलं जातं. खिडकी सीमेच्या एकाच बाजूला ठेवा; ते जमत नसेल तर हाय-पास गाळणी लावूनच वर्णपट काढा.

उपग्रहाने मोजलेली वारंवारता प्लाझ्माची नव्हे

पावसाळ्यात गोदाघाटावर उभं राहून समोरून जाणाऱ्या लाटा मोजल्या, तर त्या आकड्यात नदीचा वेगही मिसळलेला असतो. इथेही तसंच. तरंगलांबी १० किलोमीटर आणि त्या दिशेने प्रवाह सेकंदाला १५० किलोमीटर असेल, तर डॉप्लर सरक १५ हर्ट्झची येते. लोअर हायब्रिडच्या पट्ट्यात ही सरक मूळ वारंवारतेच्या तोडीची आहे. विद्युतक्षेत्राचंही तेच. ५० नॅनोटेस्लात २०० किलोमीटर प्रतिसेकंद प्रवाह असला, की निव्वळ प्रवाहामुळे १० मिलिव्होल्ट प्रति मीटर दिसतात. ते वजा केल्याशिवाय प्लाझ्माच्या चौकटीतलं क्षेत्र कळत नाही.

तरंगलांबी काढायला चार उपग्रहांचं टायमिंग (तोच तरंग प्रत्येकापाशी कधी पोहोचला त्या वेळांतला फरक) वापरायचं असेल, तर त्यांच्यातलं अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी हवं. अंतरही १० किलोमीटर आणि तरंगही १० चा असेल तर कोणता माथा कोणाचा हे ठरतच नाही, मग संगणक कितीही आत्मविश्वासाने वेग छापो.

मिनिटा-दोन मिनिटांच्या आवर्तनांत गोंधळ वेगळा असतो. त्यांना सरसकट केल्विन-हेल्महोल्ट्झ (दोन थरांच्या वेगांतल्या फरकामुळे सीमेवर उठणाऱ्या लाटा) म्हटलं जातं, पण सौरवाऱ्याचा दाब बदलला तरी सीमा पुढेमागे होते आणि उपग्रह पुन्हा पुन्हा आतबाहेर जातो. केल्विन-हेल्महोल्ट्झ म्हणायचं तर निदान एवढं दाखवा: जागा सूर्यासमोरच्या नाकाची नसून बाजूची आहे, आत जाताना आणि बाहेर पडताना लंब दिशा आलटूनपालटून कलते, आणि भोवरे पूर्ण गुंडाळलेले असल्यास कमी घनतेचा काही प्लाझ्मा मॅग्नेटोशीथपेक्षाही वेगाने शेपटीकडे धावतो.

दाबाचा संशय फेडायला अलिबागच्या वेधशाळेची नोंद कामी येते. सौरवाऱ्याचा दाब एकदम वाढला की तिथल्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात उडी दिसते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या या नोंदी नाशिकच्या विद्यार्थ्याला जवळच्या आहेत, तरी फार थोडे प्रकल्प त्या वापरतात.

सौरवाऱ्यासाठी ओम्नी डेटा (अनेक यानांच्या मोजमापांचा नासाचा एकत्रित संच) घेतलात तर त्यात तासाभराचा विलंब पुन्हा मिळवू नका; तो आधीच धनुष्याघाताच्या (बो शॉक, म्हणजे पृथ्वीपुढे सौरवारा एकदम मंदावतो त्या सीमेच्या) नाकापर्यंत सरकवलेला असतो. भारताच्या आदित्य-एल१ यानाची मोजमापं मात्र १५ लाख किलोमीटरवरची आहेत. सौरवारा ४०० किलोमीटर प्रतिसेकंदाचा असेल तर ती ३७५० सेकंदांनी, म्हणजे सुमारे ६२ मिनिटांनी, तुम्हालाच पुढे सरकवावी लागतात.