काठाकडून आत : एक खाकी गोधडी आणि कापडाच्या कामातली माझी वर्षं

बाबा एसटीत कंडक्टर होते. ते गेले तेव्हा लोखंडी कपाटात सात खाकी शर्ट आणि पाच पँटी निघाल्या, सगळ्या कडक इस्त्रीच्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, तेराव्यानंतर कुणाला तरी देऊन टाकतात. म्हणून मी घाई केली. चौदाव्या दिवशी रात्री एक शर्ट जमिनीवर पसरला आणि कात्री चालवली. कुणालाही न विचारता. सकाळी आईने तो उभा चिरलेला शर्ट उचलला, घडी घालून पाहिली, घडी बसेना म्हणून तसाच ठेवला आणि चहा टाकायला गेली. भाऊ मात्र बोलला. "तुझं ते आर्ट दुसऱ्या कशावर तरी कर." पुढे आठ महिने तो माझ्याशी धड बोलत नव्हता.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी हे सगळ्यात आधी सांगते. दोरा कुठला, सुई कुठली, हे नंतर. कापड कुणाचं आहे आणि कापायची परवानगी कुणाची लागते, ते पहिलं. आता माझ्याकडे कुणी गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी करून घ्यायला येतं, तेव्हा घरातल्या दोघांशी बोलल्याशिवाय मी कात्री लावत नाही. कापलेलं कापड परत जोडता येतं, पण त्याचा शर्ट होत नाही.

तेव्हा मी काही नवखी नव्हते. टेक्स्टाइल डिझाइनची पदवी होती, नऊ वर्षं नोकरी झाली होती. एका निर्यातदाराकडे बेडशीटची डिझाइनं करायचे. रिपीट बसवायचं, म्हणजे नक्षी सांधा न दिसता पुन्हा पुन्हा यावी असं, एका डिझाइनचे चार-पाच रंगमेळ काढायचे, छपाईचा नमुना आला की मूळ रंगाशी ताडून बघायचा. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, जीएसएम म्हणजे चौरस मीटरचं वजन, धागा, सगळं तोंडपाठ. आणि तरी बाबांच्या शर्टासमोर बसले तेव्हा लक्षात आलं, की मला हाताने सरळ धावदोरा घालता येत नाही. स्क्रीनवर फुलं काढणारी मी, चार इंचांत टाका वाकडा जात होता.

तो दोष शिक्षणाचा नाही, पण शिक्षण निवडताना हा फरक माहीत हवा. इचलकरंजीचं डीकेटीई किंवा मुंबईचं व्हीजेटीआय इथे वस्त्रोद्योगाचं तंत्रज्ञान शिकवतात, म्हणजे सूत, माग, प्रक्रिया, यंत्रं. मुंबईचं जे. जे., अहमदाबादची एनआयडी, निफ्ट इथे डिझाइन शिकायला मिळतं. बडोद्याच्या विद्यापीठातला ललित कलेचा विभाग वेगळ्याच वळणाचा, तिथून कापडाकडे, दोरीकडे शिल्प म्हणून पाहणारी माणसं निघाली. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी तिथल्याच. अंबाडी-तागासारख्या दोरखंडाच्या गाठी मारत मारत त्यांनी माणसापेक्षा उंच शिल्पं उभी केली. मागही नाही, सुईही नाही. नुसती गाठ, पुन्हा गाठ. २०१५ मध्ये त्या गेल्या आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. मला एका निवड समितीने "हे छान आहे, पण ही कारागिरी झाली, कला नव्हे" असं ऐकवलं होतं, तेव्हा मी मनातल्या मनात त्या गाठी मोजत बसले होते.

मला स्वतःला जे शिकायचं होतं ते यांपैकी कुठेच नव्हतं. ते कराडजवळ, आत्याच्या सोप्यात होतं.

शर्टाचे तुकडे पिशवीत घालून मी तिच्याकडे गेले. बाबांची ती थोरली बहीण. तिने पिशवी उलटी केली, एक तुकडा बोटांत चोळला आणि म्हणाली, "टेरिकाट हाय. ह्याची वाकळ मऊ व्हत न्हाई बाय." एवढंच. भावाचा शर्ट, भाऊ गेला, असलं काही नाही. तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. पण माझं सगळं पुढचं काम त्या वाक्यातून निघालं असं मला आता वाटतं.

कारण माझ्याकडे शनिवारच्या वर्गाला येणारे जवळपास सगळे एकच प्रश्न घेऊन येतात : माझ्या मनातलं कापडात कसं आणू? कुणाचा घटस्फोट झालाय, कुणाची नोकरी गेलीय, कुणाची आई गेलीय. मी सांगते, आणू नका. कापडाकडे बघा. हे सुती आहे की टेरिकॉट? धुतल्यावर आटेल का? रंग सोडेल का? खिसा ठेवायचा की उसवायचा? बघायला हे निव्वळ कामाचे प्रश्न. पण खिसा ठेवायचा की उसवायचा, यावर मी तीन दिवस अडले होते. खिशाच्या आत, शिवणीत, निळ्या शाईचा डाग होता. दुःखाचं चित्र काढायला बसले असते तर बहुतेक एसटीची लाल बस काढली असती आणि ती कुणाच्याही बापाची झाली असती. डाग एकट्या बाबांचा होता.

आता गोधडीचं तंत्र, कारण त्यात खरी गंमत आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या क्विल्टवरची कुठलीही शिकवणी उघडा, मधून सुरुवात करा आणि बाहेर या, असं सांगतात. म्हणजे सैल कापड कडेला ढकललं जातं. आमच्याकडे उलट. खाली जुनं सुती लुगडं ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आत्याकडे एका कोपऱ्यावर वरवंटा आणि तिन्हीवर दगड. त्यावर थर, त्यावर ठिगळं, सगळ्याला लांब कच्चा टाका. आणि मग एका कोपऱ्यातून काठाकाठाने धावदोरा सुरू. एक फेरा पुरा झाला की त्याच्या आतून दुसरा, मग तिसरा. चौकोनात चौकोन, आत आत. मी शिकल्यासारखी मधून सुरू करायला गेले तर आत्याने हातावर चापट मारली. "कडंनं घे. मधी काय हाय ते शेवटी बघायचं."

अडचण अशी, की काठाकडून आत येताना सैलपणाही आत येतो. म्हणून दर फेऱ्याला तळहाताने कापड निपटावं लागतं, टाका घालण्याआधी. हे कंटाळवाणं असतं आणि टाळलं तर मध्यावर फुगा येतो. माझा आला.

थोडा हिशेब देते, म्हणजे कुणी आठवड्यात गोधडी करायचा बेत आखणार नाही. पाच बाय सात फुटांची गोधडी, ओळींत अर्धा इंच अंतर. टाक्यांच्या ओळींची एकूण लांबी भरते ८४० फूट. इंचाला चार टाके धरले तर चाळीस हजारांच्या वर टाके. आत्या दुपारच्या तासा-दीड तासात शेंगा फोडल्यासारखी ओळी संपवायची. मला साडेपाच महिने लागले, शनिवार-रविवार धरून.

या साडेपाच महिन्यांत काय झालं, ते मला विचारतात तसं 'मन हलकं झालं' या छापाचं नाही. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत मी रडले. मग रडणं थांबलं आणि राग आला, बाबांचाच. छातीत दुखत असताना ड्यूटी पुरी करून घरी आले होते, त्याचा. रागाच्या दिवसांतले टाके ओळखू येतात, ते आखूड आणि ओढलेले आहेत, कापडाला चुण्या पडल्यात. मग मधले कितीतरी फेरे असे, की त्यांत मला काहीच आठवत नाही. नुसतं शिवणं. डोक्याला पुढे काय करायचं ते कळत नव्हतं आणि हाताला कळत होतं, पुढचा टाका. बस्स. भाऊ याच मधल्या फेऱ्यांत एकदा येऊन बसला आणि सुईत दोरा ओवून द्यायला लागला. बोलला काही नाही.

'क्राफ्ट थेरपी' लिहिलेले सुंदर डबे हल्ली मिळतात, आत छापील नक्षी आणि सात रंगांचे दोरे. वाईट नाहीत. पण त्यात सगळे निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेले असतात, आणि माझ्या अनुभवात निर्णयच कामाला येतात. आणि हेही स्पष्ट सांगते : सुई म्हणजे डॉक्टर नव्हे. वर्गातल्या एका मुलीला तीन-तीन आठवडे झोप नव्हती आणि ती रात्रभर भरतकाम करत होती, आम्ही सगळे तिच्या कामाचं कौतुक करत होतो. ते चुकलं. झोप, भूक गेली असेल तर आधी डॉक्टर. सरकारची १४४१६ ही टेलिमानसची, मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

लोक कापडावर काय काय उतरवतात, याची उदाहरणं बघायला मात्र जरूर जा. लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयात एलिझाबेथ पार्कर नावाच्या घरकाम करणाऱ्या मुलीने १८३० च्या सुमारास भरलेलं एक कापड आहे. मला लिहिता येत नाही म्हणून हे असं मांडते, अशी सुरुवात करून तिने मालकाने केलेली क्रूर वागणूक, जीव द्यायचा विचार, सगळं लाल दोऱ्याच्या बारीक फुल्यांनी भरलंय. ना फूल, ना वेल. आणि मजकूर शेवटी वाक्याच्या मध्येच थांबतो. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी बंडानंतर ज्यांची माणसं नाहीशी केली गेली त्या बायकांनी गोणपाटावर तुकडे शिवून चित्रं केली, काहींनी त्या नाहीशा झालेल्यांच्याच कपड्यांचे तुकडे वापरले. आणि ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये एड्सने गेलेल्यांच्या नावाचे १,९२० तुकडे जमिनीवर पसरले, प्रत्येक तुकडा तीन बाय सहा फूट, साधारण एका थडग्याएवढा.

ते माप मला फार उपयोगी पडलं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी माप ठरवायला लावते. दुःखाला माप नसतं, म्हणून कामाला हवं. पहिलं काम तर रुमालाएवढंच करा.

जवळ बघायचं तर पुण्याच्या केळकर संग्रहालयातले जुने कपडे बघा. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयाला आधी नोंदणी करून जावं लागतं, पण जा. आणि घरातली सगळ्यात जुनी गोधडी उलटी करून बघा, उलट्या बाजूला बाई दमली कुठे ते दिसतं.

सुरुवातीचं सामान फार नाही. लांब जाड सुई, सुती दोरा, दोऱ्यावर फिरवायला मेणाचा तुकडा, अंगुस्तान, चांगली कात्री. ही कात्री कागदाला लावायची नाही, घरच्यांनाही लावू द्यायची नाही. दोरा हातभरच घ्या. आळशी माणूस लांब दोरा घेतो आणि गुंता सोडवत बसतो, मी पुष्कळ बसलेय. सुती कापड आधी धुऊन वाळवून घ्या, कारण ते आटतं आणि टेरिकॉट फारसं आटत नाही. दोन्ही एकत्र शिवली की पहिल्या धुण्यात चुण्या. लाल, मरून कापडावर ओला पांढरा फडका घासून बघा. मी आईच्या खणाच्या चोळीचा एक तुकडा न तपासता घातला, आणि बाबांच्या एका बाहीवर आता कायमचा गुलाबी ओघळ आहे. एका बैठकीला दोन तासांच्या वर शिवू नका, मान आणि अंगठा दोन्ही धरतात.

पैशांचं थोडक्यात. ज्या कामात तुम्ही स्वतः अडकला आहात ते विकू नका, निदान लगेच नाही, आणि त्याचे फोटोही लगेच टाकू नका. एका अनोळखी माणसाने "रंगसंगती थोडी फिकी वाटते" असं लिहिलं की महिनाभराचं काम थांबतं. पोट भरायला वेगळं काम ठेवा. मी अजून बेडशीटची डिझाइनं करते, घरून. लोकांच्या गोधड्या करते तेव्हा अर्धे पैसे आधी, कापायची परवानगी लेखी, आणि माणूस जाऊन सहा महिने झाले नसतील तर थांबायला सांगते. काही जण चिडतात. काही जण सहा महिन्यांनी येतात आणि कपडे न देताच चहा पिऊन जातात.

माझी गोधडी मध्याशी आली तेव्हा वीतभर चौकोन उरला होता आणि त्यात फुगा. आत्याने चार फेरे उसवायला सांगितले. मी उसवले, पुन्हा घातले, फुगा निम्मा झाला. पुन्हा उसवायला हात धजेना. तिने चिमूटभर ज्वारी फुग्यात सारली, वाकळ उपाशी राहू नये म्हणून, आणि शेवटचे टाके तिनेच घातले.

गोधडी आईकडे आहे. जड आहे, टोचते, आत्या म्हणाली होती तशी मऊ झालेली नाही. आई ती पांघरत नाही, अंथरते. मध्यावरचा दाणा पाठीला लागतो म्हणून जराशी कडेला सरकून झोपते.