झाकली मूठ इथे चालत नाही

वेब डिझाइन एजन्सीत रुजू झाले त्या दिवशी खुर्ची मिळायच्या आधी मला स्लॅक या ऑफिसातल्या गप्पांच्या अ‍ॅपचं आमंत्रण मिळालं. दुपारपर्यंत मी चौदा चॅनेलांत होते. प्रत्येक प्रोजेक्टचं एक, सुट्ट्यांचं एक, आणि एक फक्त फॉन्टवरून भांडायला. सगळ्यात जागतं तेच असायचं.

पहिले काही आठवडे मी कुठेच काही टाकलं नाही. काम पूर्ण झाल्याशिवाय दाखवायचं नाही, ही शाळेपासूनची सवय. एका दुकानाच्या साइटचं पैसे भरायचं पान तीन दिवस घासूनपुसून तयार केलं आणि शुक्रवारी संध्याकाळी चॅनेलवर टाकलं, खाली लिहिलं, ‘कसं वाटतंय?’ नऊ अंगठे आले. शनिवार-रविवार मी हवेत.

सोमवारी डेव्हलपरने फाइल उघडली. ‘अगं, पत्ता तीन ओळींचा असला तर? कार्ड नाकारलं गेलं तर तो मेसेज कुठे दिसणार? आणि ही करडी अक्षरं उन्हात वाचता येतील?’ तिन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती. साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा, असं डब्ल्यूसीएजी या वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीचा एए स्तर सांगतो, माझी करडी त्याच्या अर्ध्यावर होती. पहिल्याच दिवशी कच्चं रेखाटन दाखवलं असतं तर हे दहा मिनिटांत कळलं असतं.

अंगठे देणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. ‘कसं वाटतंय?’ला ‘छान’ याशिवाय काय उत्तर देणार? तेव्हापासून मी प्रश्न अरुंद करते. ‘३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर एका हाताने हे बटण गाठता येतंय का?’ असं विचारलं की लोक खरोखर फोन हातात घेऊन बघतात. अंगठे कमी येतात, तक्रारी जास्त येतात. तेच हवं असतं.

गंमत म्हणजे ही साधनं अशाच अर्धवट कामातून जन्मली आहेत. स्लॅक हे ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या मंडळींचं आपापसात बोलायचं साधन होतं. गेम २०१२ मध्ये बंद पडला, साधन उरलं. बेसकॅम्प हे प्रोजेक्ट सांभाळायचं साधन तर आमच्याच धंद्यातलं. ३७सिग्नल्स ही वेब डिझाइन करणारी कंपनी, तिने स्वतःचे क्लायंट सांभाळायला ते बनवलं आणि २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ड्रिबल या डिझायनरांनी काम दाखवायच्या साइटवरचा ‘शॉट’, म्हणजे तिथे टाकलेलं चित्र, सुरुवातीला जेमतेम ४०० बाय ३०० पिक्सेलचा असायचा. चालू कामाचा एक तुकडा दाखवा, एवढीच अपेक्षा. आता तिथे बघाल तर कधीच बांधली न जाणारी गुळगुळीत पानं जास्त दिसतील. बघा, जरूर बघा, पण स्वतःच्या कामाशी तुलना करू नका. त्या पानांवर प्रत्येकाचं नाव आखूड असतं आणि प्रत्येक फोटो सुंदर.

फिगमाची, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकत्र डिझाइन करायच्या साधनाची, सवय व्हायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एकाच फाइलमध्ये पाच-सहा जणांचे रंगीत बाण फिरत असतात आणि प्रत्येक बाणाला नाव चिकटलेलं. आर्ट डायरेक्टरचा जांभळा बाण माझ्या चौकटीवर येऊन थांबला की माझे हात थिजायचे. एकदा तो बाण पाच मिनिटं हलेना. मी तेवढ्यात तीन रंग बदलले. नंतर कळलं, ते जेवायला गेले होते.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा: डिझाइनबद्दलची चर्चा खाजगी मेसेजवर नको, फाइलमध्येच त्या चौकटीवर कॉमेंट टाका. दोन महिन्यांनी क्लायंट ‘हे बटण वर का गेलं?’ म्हणून विचारतो, तेव्हा तुमची आठवण कामाला येत नाही, ती कॉमेंट येते.

पिंटरेस्टबद्दल थोडी कुरबुर. मूडबोर्डसाठी, म्हणजे प्रोजेक्टचा रंगढंग ठरवायच्या चित्रांच्या फलकासाठी, सगळे तेच चार शब्द शोधतात, सगळ्यांना तीच चित्रं मिळतात, मग तीन वेगळ्या क्लायंटचे बोर्ड सख्खे भाऊ दिसतात. आमच्याकडे अलिखित नियम आहे की बोर्डवर निदान दोन गोष्टी वेबबाहेरच्या हव्यात. रेल्वेचं जुनं वेळापत्रक, औषधाच्या पाकिटावरची छपाई, नकाशाच्या कोपऱ्यातली चिन्हांची सूची, काहीही. थोड्या जागेत खूप माहिती कशी बसवायची हे मी औषधाच्या पाकिटावरून शिकले.

नोटिफिकेशन सकाळचे दोन तास बंद ठेवा. कोणी मरत नाही.

पोर्टफोलिओसाठी बिहान्स ही काम मांडायची साइट घ्या नाहीतर स्वतःची साइट करा, फार फरक पडत नाही. मी आता मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसते, तेव्हा अंतिम पानांवर नजर टाकून आम्ही लगेच ‘आधीचा आराखडा का टाकून दिला?’ इथे येतो. तो आराखडा जपून ठेवलेला नसला की गाडी तिथेच अडते.

आणि बाहेर काही टाकण्याआधी परवानगी घ्या. उत्साहाच्या भरात मी एकदा स्वतः काढलेल्या आयकॉनचा स्क्रीनशॉट सोशल मीडियावर टाकला. आयकॉन निरुपद्रवी होते. वर ब्राउझरचा टॅब राहून गेला होता, आणि त्या टॅबवर क्लायंटच्या अजून जाहीर न झालेल्या उत्पादनाचं नाव. वीस मिनिटांत पोस्ट काढली, तोवर ती प्रोजेक्ट मॅनेजरच्या नजरेला पडलीच होती. आता आधी करारातलं गोपनीयतेचं कलम वाचते, मग लेखी विचारते, आणि ‘हो’ आलं की तो मेल वेगळा ठेवते. त्या आयकॉनसाठीही नंतर रीतसर विचारलं. होकार यायला सात महिने लागले. तोवर ते मलाच आवडेनासे झाले होते.