पहिलं घर लावताय? आधी भिंती बघा, सोफा नंतर

पझेशन मिळालं की पहिल्याच रविवारी सगळे फर्निचरच्या दुकानात जातात, आम्हीपण गेलो होतो. मला मनापासून वाटतं की निदान महिनाभर मोठं काहीच घेऊ नये. गाद्या टाका, दोन खुर्च्या आणा आणि राहून बघा, कारण सकाळी ऊन कुठल्या खोलीत येतं, संध्याकाळी चहा घेऊन सगळे नक्की कुठे टेकतात, हे राहिल्याशिवाय कळत नाही.

तोवर भिंती तपासा. विशेषतः बाथरूमला लागून असलेली भिंत आणि बाहेरच्या बाजूची, जिच्यावर पावसाचा मारा बसतो ती. साधी टेस्ट आहे, जाड प्लास्टिकचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला पक्का लावायचा आणि दुसऱ्या दिवशी काढून बघायचा, आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत गडद झालेली दिसली तर ओल अजून आहे. अशा भिंतीवर कितीही महागाचा रंग लावा, पोपडे निघणारच, आधी पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करायला लागतं. आमच्या बेडरूमच्या भिंतीवर घाईत रंग लावला आणि पहिल्याच पावसाळ्यात खालचा दोन फूट पट्टा फुगला, सगळं खरवडून पुट्टीपासून परत केलं, खर्च डबल. म्हणून जमलं तर रंगकाम दिवाळीनंतर काढा, हवा कोरडी असते, प्रत्येक हात नीट वाळतो.

रंगाचं कोटेशन घ्यायच्या आधी स्वतः मोजमाप करा. समजा खोली 10 बाय 12 आहे आणि उंची साडेनऊ फूट, तर चारी भिंतींची बेरीज 44 फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे 418 स्क्वेअर फूट, त्यातून एक दार आणि एक खिडकी वजा केली की 380 च्या आसपास, छताचे 120 वेगळे. हा आकडा हातात असला की बोलणं सोपं जातं. पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे किती हात ते कागदावर लिहून घ्या. शेड कार्डावरून थेट ठरवू नका प्लीज, कार्डावर फिका वाटणारा रंग चारी भिंतींवर गेला की बराच गडद वाटतो, छोटा डबा आणून दोन फुटाचा चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून बघा.

दिव्यांचं तर लोक अजिबात लक्षात घेत नाहीत. बल्बच्या खोक्यावर केल्विन लिहिलेलं असतं, 6500 म्हणजे पांढरा निळसर, 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उबदार. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर पांढरा किंवा 4000 चा चालतो, पण हॉल आणि बेडरूमला पिवळसर लावून बघा, तेच घर, तेच सामान, पण बसावंसं वाटतं.

इलेक्ट्रिक पॉइंट रंगाच्या आधी, नंतर भिंत फोडायला जीवावर येतं. गीझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्हला 16 अँपिअरचा, मिक्सरला 6 चा चालतो. फिल्टरचा, देवघराजवळचा, आणि गणपती जिथे बसवणार तिथला पॉइंट आत्ताच सांगा, नाहीतर दरवर्षी हॉलभर एक्स्टेन्शनची वायर.

आता फर्निचर. जुने पेपर जोडून सोफ्याच्या, पलंगाच्या मापाचे तुकडे करा आणि जमिनीवर चिकटवून दोन दिवस त्यांच्या कडेकडेने चाला. डबल बेड 6 बाय साडेसहा फूट असतो, 10 बाय 10 च्या खोलीत तो आणि कपाट ठेवलं की कपाटाचं दार उघडायला जागा उरते का ते पेपरच सांगतो. चालायला अडीच फूट तरी हवेतच. लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळणही मोजून ठेवा, हे आम्ही केलं नव्हतं, सोफा पाच मजले खांद्यावरून चढवावा लागला.

सुतारकामात एकच आग्रह धरीन, सिंकखालच्या कपाटाला बीडब्ल्यूपी प्लाय, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, शीटवर आयएस 710 चा शिक्का असतो तो स्वतः बघून घ्या. बेडरूमच्या कपाटाला एमआर, म्हणजे फक्त दमट हवा सोसणारा, आयएस 303 वाला चालतो, तिथे पाणी लागत नाही.

पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीवर न लावता सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना थोडा बाहेर काढून लावा, पडदा जमिनीपर्यंत सोडा, खिडकी मोठी वाटते आणि पडदा बाजूला केला की उजेड अडत नाही.

आणि हो, वायरिंगचे पाईप भिंतीत बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मेजरिंग टेप धरून. पुढे फोटोफ्रेमसाठी ड्रिल मारताना हेच फोटो लागतात. रंगाचे शेड नंबर आणि चारपाच जादा टाइल्स पण माळ्यावर ठेवून द्या, तीच टाइल नंतर दुकानात मिळेलच असं नाही.