ओरॅकलचा जावा काढण्याआधी

बॅकअप, टेस्ट सर्व्हर, बदलासाठी रात्रीची वेळ हे सगळं तुम्हाला येतंच. ओरॅकलच्या जावाला परवान्याचे पैसे लागू शकतात, म्हणून तो काढून ओपनजेडीके (जावाचंच मुक्त सोर्सचं रूप) बसवायचं. खरं काम ओरॅकलचा जावा कुठे कुठे आहे ते मोजण्याचं, आणि मागच्या वेळी आमची माती तिथेच झाली. प्रत्येक मशीनवर ‘जावा -व्हर्जन’ चालवलं, ‘ओपनजेडीके’ दिसलं, यादीत बरोबरची खूण केली. ही कमांड पाथमध्ये पहिला सापडेल तेवढाच जावा दाखवते. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरात दडलेला जेआरई (जावा प्रोग्राम चालवणारा संच) तिला दिसत नाही.

म्हणून पूर्ण डिस्क शोधा. लाँचरचं (जावा सुरू करणाऱ्या फाइलचं) नाव पुष्कळदा बदललेलं असतं, तेव्हा ‘जावा’ नावाची फाइल शोधण्यात अर्थ नाही. जावाचा गाभा असलेली फाइल शोधा: लिनक्सवर लिबजेव्हीएम डॉट एसओ, विंडोजवर जेव्हीएम डॉट डीएलएल. मग सापडलेली प्रत्येक प्रत तिच्याच पूर्ण पाथने चालवून दुसरी ओळ वाचा. ‘जावा (टीएम) एसई रनटाइम एन्व्हायर्नमेंट’ असेल तर तो ओरॅकलच्या स्वतंत्र परवान्याचा बिल्ड, ‘ओपनजेडीके रनटाइम एन्व्हायर्नमेंट’ असेल तर जीपीएलचा, म्हणजे मुक्त सोर्स परवान्याचा. लाँचरच नसेल तर त्या फोल्डरातल्या परवान्याच्या फाइली उघडा. ‘रिलीज’ फाइलमधलं इम्प्लिमेंटर बघून निकाल लावू नका. ओरॅकलच्या जीपीएल बिल्डमध्येही तिथे ओरॅकलचंच नाव असतं.

डिस्क म्हणजे चालू मशीनची डिस्क एवढंच धरू नका. बंद ठेवलेले व्हीएम, बिल्ड सर्व्हर, डॉकर इमेजचे जुने टॅग, नव्या लॅपटॉपवर चढवायची तयार इमेज. सगळीकडे लिबजेव्हीएम शोधा.

यादीत नुसतं ‘जावा 8’ लिहिलं असेल तर ती यादी फाडा. परवाना अपडेटनुसार बदलतो. 8 च्या अपडेट 202 पर्यंत बीसीएल हा ओरॅकलचा जुना परवाना: साध्या डेस्कटॉपवर आणि सर्व्हरवर चालवायला पैसे नाहीत. 16 एप्रिल 2019 ला आलेल्या अपडेट 211 पासून ओटीएन हा नवा परवाना: वैयक्तिक वापर, डेव्हलपमेंट, टेस्टिंग फुकट, धंद्याच्या प्रॉडक्शनला पैसे. ओरॅकल जेडीके 11 पहिल्यापासून ओटीएन. 17 हा एनएफटीसी या फुकट वापराच्या परवान्याखाली प्रॉडक्शनलाही फुकट आला खरा, पण 17.0.12 पर्यंतच. ऑक्टोबर 2024 चा 17.0.13 पुन्हा ओटीएन. म्हणजे शहाण्यासारखा तिमाही पॅच लावला आणि परवान्याची हद्द ओलांडली! 21 ला ही मुदत सप्टेंबर 2026 पर्यंत दिली आहे. ऑटो-अपडेट आजच बंद करा.

आणि 202 वर बसून राहण्याची आयडिया कोणी काढली तर ऐकू नका. जानेवारी 2019 नंतरचा एकही सुरक्षा पॅच त्यात नाही.

एवढी कटकट कशासाठी, तर जानेवारी 2023 पासून सबस्क्रिप्शन माणशी आहे. जावा वापरणारे मोजत नाहीत, सगळे कर्मचारी मोजतात. अर्धवेळवाले आणि तुमच्या अंतर्गत कामाला लावलेले कंत्राटीही त्यात आले. 999 पर्यंत माणसं असतील तर दरपत्रकाप्रमाणे माणशी महिना 15 डॉलर. 500 माणसं म्हणजे वर्षाला 90,000 डॉलर, मग ओटीएनचा जेआरई एकाच सर्व्हरवर असला तरी. तो एक कुठे असतो? दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरात. तो मात्र परस्पर उडवू नका. विक्रेत्याने वाटपाचा हक्क घेतलेला असू शकतो. तसं लेखी मागवा, फोनवरचं ‘आहे हो’ चालणार नाही.

बदली कुठलाही घ्या: टेमुरिन, कोरेटो, झुलू. सोर्स ओपनजेडीकेचाच, टीसीके (जावाची सुसंगतता चाचणी) पास झालेले. त्यावर तासभर वाद घालू नका. काय मोडतं ते बघा. जुन्या सीएसर्ट्स फाइलमध्ये (जावा ज्यांवर विश्वास ठेवतो त्या सर्टिफिकेटांची फाइल) हाताने घातलेली सर्टिफिकेटं नव्यात नसतात आणि ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ येतं. बदलण्याआधी ती एक्सपोर्ट करा. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ‘अनलॉक कमर्शियल फीचर्स’ हा फ्लॅग राहिला तर ओपनजेडीके सुरूच होत नाही. ओरॅकलच्या 8 मध्ये जावाएफएक्स आणि लुसिडा फॉन्ट येत होते, टेमुरिनमध्ये नाहीत. फॉन्टकॉन्फिग (फॉन्ट शोधून देणारी लायब्ररी) नसलेल्या कंटेनरमध्ये पीडीएफ काढताना नल पॉइंटर येतो तो यामुळे. वेब स्टार्ट (वेबवरून जावा प्रोग्राम सुरू करण्याची सोय) लागत असेल तर ओपनवेबस्टार्ट.

मग जुना काढा, जावा-होम बदला, ओरॅकलचं डाउनलोड पान फायरवॉलवर अडवा, काढल्याच्या तारखा आणि लॉग जपून ठेवा. परवान्याबद्दल पत्र आलं तर इंजिनिअरने परस्पर उत्तर द्यायचं नाही, कायदा विभागाकडे द्यायचं.

आठवड्याने तोच शोध पुन्हा चालवा. पूर्ण डिस्क. लिबजेव्हीएम.