ग्रुपने ट्रेकला जाताना या चुका टाळा

सह्याद्रीत एकट्याने फिरू नये, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. पण चाळीस जणांचा ग्रुप पायथ्याहून निघतो, तासाभरात त्याचे चार तुकडे होतात आणि सगळ्यात मागचा दमलेला मुलगा धुक्यात एकटाच चालत असतो. ग्रुप विस्कटला की सोबतीचा उपयोग संपतो, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात.

पुढचे सुसाट, मागचे गायब

वाट माहीत असलेला एक जण सर्वांत पुढे आणि तितकाच जाणता एक जण सर्वांत मागे, एवढे तर हवेच. पुढच्याला ओलांडून कोणी जायचे नाही आणि मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. जिथे वाटा फुटतात, तिथे शेवटचा माणूस येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचे. हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरकडून तोलार खिंडीतून चढले की वर पठारावर ढोरवाटांचे जाळे आहे. पावसाळ्यात तिथे दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि गुरांनी मळलेली वाट माणसांच्या वाटेइतकीच ठळक दिसते. अशा जागी ‘तू हो पुढे, मी आलोच’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून येता कामा नये.

डोकी मोजताना केवळ आकडा जुळवू नका, जोड्या लावा. प्रत्येकाने आपला जोडीदार आहे ना, एवढे पाहिले तरी हरवलेला माणूस पाच मिनिटांत लक्षात येतो. नवख्या दहा जणांमागे एक अनुभवी माणूस नसेल, तर तो ट्रेक काढूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एखादा दिसेनासा झाला तर

सगळ्यांनी चारही दिशांना शोधायला पळू नये. एकाऐवजी पाच जण हरवतात. ग्रुप एका जागी बसवा, तो शेवटचा कुठे दिसला होता ते विचारा आणि दोन अनुभवी माणसे त्याच वाटेने तिथपर्यंत मागे पाठवा. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. शिट्टीच्या खुणा निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.

वाट चुकलेल्याने आहे तिथेच थांबायचे. ‘पाण्याच्या कडेने उतरत गेले की गाव लागते’ हा सल्ला सह्याद्रीत जिवावर बेततो. इथला डोंगर बेसॉल्टच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा आहे. सोप्या उताराचा ओढा अचानक शेकडो फुटांच्या कड्यावर संपतो आणि तोपर्यंत मागे चढून जाणेही अवघड झालेले असते.

ओढा फुगला असताना ‘पटकन ओलांडून घेऊ’

जाताना घोट्याएवढे असलेले पाणी परतताना कमरेला लागू शकते. तुमच्या डोक्यावर ऊन असले, तरी वरच्या पठारावर कोसळलेला पाऊस त्याच ओढ्यात येतो. पाणी गढूळ व्हायला लागले, त्यातून पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज वाढला की त्याच क्षणी काठावर या. फोटो पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. एकमेकांना घट्ट धरून ते प्रवाहातल्या खडकावर उभे होते. काठावर माणसे होती, पण कोणाला काही करता आले नाही. वेगाच्या पाण्यात हातांची साखळीही पुरत नाही. एकाचा पाय निसटला की शेजारचाही ओढला जातो. कमरेला दोर बांधून उतरणे तर त्याहून धोक्याचे, कारण ताणलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

मग करायचे काय? थांबायचे. आपले ओढे जसे झपाट्याने चढतात, तसे पाऊस उघडल्यावर बहुधा काही तासांत उतरतातही. उशीर होईल, घरचे काळजी करतील, बस खोळंबेल. होऊ द्या. ताम्हिणीजवळच्या अंधारबनसारख्या जंगलवाटेवर निघताना कोरडे कपडे, जास्तीचे खाणे आणि प्रत्येकाकडे विजेरी हवी ती यासाठीच. मोबाइलचा दिवा विजेरीच्या जागी धरू नका. फोनची बॅटरी मदत मागायला लागते.

अरुंद जागी घाई

नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर किल्ल्याच्या कातळपायऱ्यांवर एका वेळी एकाच माणसापुरती जागा आहे. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की सगळेच अडकतात. उतरणाऱ्यांना आधी खाली येऊ द्या. स्वतः उतरताना तोंड कातळाकडे ठेवा आणि हाताच्या खोबण्या धरा. गर्दी फार असेल तर पायऱ्यांखालूनच परत फिरा. पैसे भरलेत म्हणून वर गेलेच पाहिजे असे नाही, आणि हे म्हणायची हिंमत लीडरमध्ये हवी.

मोहोळ, साप, ऊन

आग्या मोहोळाखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर डोके-तोंड झाका आणि त्या जागेपासून लांब पळा. श्वास लागू लागलेल्याला थेट रुग्णालयात न्या. साप चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, आवळूनही बांधू नका. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणा. मार्च ते मे महिन्यांत माणशी किमान ३ लिटर पाणी हवे. कोणी असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत निजवा, अंग ओले करून वारा घाला आणि लगेच मदत बोलवा.

मदत मागताना अर्धवट माहिती

११२ वर फोन लागला की गडाचे नाव पुरत नाही. कोणत्या गावाकडून चढलात, शेवटची ओळखीची खूण कोणती, किती जण आहेत, जखमी चालू शकतो का, हे सांगा. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल, तर रेंज नसतानाही फोन आपली जागा अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत दाखवतो. रेंज सापडली की ते आकडे कळवा आणि मग जागा बदलू नका.

सर्वांत आधी धावून येतात ती पायथ्याच्या गावातली माणसे. जिथे गाड्या लावता किंवा जेवण सांगता, त्या घरी वाट, माणसांची संख्या आणि उतरायची वेळ सांगून निघा. दुसऱ्या बाजूने उतरलात तर त्यांना फोन करून तसे कळवा, नाहीतर ते रात्री कंदील घेऊन तुम्हाला शोधायला डोंगर चढतील.